एक्सायटिंग म्हणजे नेमके काय?



सध्या आमच्या शाळेत एका शब्दाची फार चलती आहे. सहल एक्सायटिंग झाली. स्नेहसंमेलन एक्सायटिंग झाले. शिवजयंतीची मिरवणूक एक्सायटिंग, क्रिकेटचा सामना एक्सायटिंग, मामाच्या गावची जत्रा एक्सायटिंग आणि नवीन दप्तरही एक्सायटिंगच. प्रयोगशाळेत निळा लिटमस लाल झाला तरी मागच्या बाकावरून हाच शब्द ऐकू येतो. बोलण्यात होता तोपर्यंत आम्ही फारसे मनावर घेतले नव्हते. आता तो मराठीच्या निबंधात, इंग्रजीच्या निबंधात, आणि पालकांच्या चिठ्ठ्यांतही शिरला आहे.

आम्ही या शब्दाचे शत्रू नाही. टेबल, पेन, तिकीट, स्टेशन हे शब्द आपल्याकडे आले, रुळले, त्यांनी कुणाचे काही बिघडवले नाही. ज्या वस्तू आपल्याकडे नव्हत्या त्यांची नावे ते घेऊन आले. एक्सायटिंगचे तसे नाही. हा पाहुणा म्हणून आला आणि घरातल्या दहा माणसांना उठवून त्यांच्या जागी एकटाच ऐसपैस बसला. आमची तक्रार आहे ती इतकीच.

ही तक्रार केवळ भाषाप्रेमाची नाही, हे एका उदाहरणाने सांगतो. राष्ट्रीय महामार्गावर निपाणीजवळ तवंदीचा घाट आहे. तिथले अपघात आपल्या भागातल्या लोकांना नवीन नाहीत. 'मी पाहिलेला प्रसंग' या विषयावर लिहिताना एका मुलाने घाटात पाहिलेला अपघात लिहिला. ट्रक उलटलेला, माणसे धावत आलेली, रस्त्यावर पडलेला डबा. वर्णन चांगले होते. शेवटी वाक्य होते, "ते सर्व खूप एक्सायटिंग होते." वर्गात कोणी हसले नाही, कोणी दचकलेही नाही. मुलगा निर्दय नाही. आम्ही त्याला बोलावून नुसते विचारले, "तुला तेव्हा काय झाले रे?" तो पटकन म्हणाला, "पोटात गोळाच आला की, सर. हातपाय गार पडले. रात्री जेवण गेलं नाही." म्हणजे शब्द त्याच्याकडे होते. ते घरी बोलायचे शब्द आहेत, निबंधात लिहायचे नाहीत, अशी त्याची समजूत झाली होती. ही समजूत त्याला कोणी करून दिली, याचा विचार शाळेने आणि घराने मिळून करायला हवा.

आता मूळ इंग्रजी शब्दाकडे पाहू. पालक आम्हांला नेहमी सांगतात, "सर, मुलाला इंग्रजी आले पाहिजे." आम्हीही तेच म्हणतो. पण प्रत्येक गोष्टीला एक्सायटिंग म्हणणे म्हणजे इंग्रजी येणे नव्हे. इंग्रजीत या एका शब्दाभोवती मोठा गोतावळा आहे. एक्साइट हे क्रियापद लॅटिनमधून आले. तिथे त्याचा अर्थ हाक मारून बाहेर काढणे, जागे करणे असा होता. निजलेल्याला उठवून बसवणारी गोष्ट ती एक्सायटिंग. थ्रिल मात्र अस्सल जुना इंग्रजी शब्द. त्याचा मूळ अर्थ भोक पाडणे, आरपार जाणे. नाकपुडीला इंग्रजीत नॉस्ट्रिल म्हणतात ना? त्यातले शेवटचे 'ट्रिल' आणि हे थ्रिल एकाच कुळातले. नॉस्ट्रिल म्हणजे नाकाचे भोक. तेव्हा अंगातून आरपार निघून जाते ते थ्रिलिंग. नुसत्या उत्साहाला थ्रिल म्हणत नाहीत ते यामुळेच.

पुस्तक हातातून सुटत नसेल तर ते ग्रिपिंग. डोंगराच्या कड्यावरून दिसणारा देखावा ब्रेथटेकिंग. ज्याने भीती वाटते ते हेअर-रेझिंग. भाषण किंवा समरगीत ऐकून मन ढवळून निघाले तर स्टरिंग. शेवटच्या चेंडूपर्यंत नखे कुरतडायला लावणारा सामना नेल-बायटिंग. गायकाने सभागृहात वीज खेळवली तर इलेक्ट्रिफाइंग. आणि वर्तमानपत्राने मथळा फुगवून खळबळ माजवली तर सेन्सेशनल. इंग्रजी चांगले जाणणारा माणूस यांतला नेमका शब्द निवडतो. तवंदी घाटातल्या अपघाताला तो यांतला निम्म्याहून अधिक शब्द लावणार नाही, आणि एक्सायटिंग तर मुळीच लावणार नाही. कारण त्या शब्दात आनंदाची, हवेहवेसेपणाची छटा आहे.

याच शब्दाची दुसरी अडचण व्याकरणाची. आमच्या इंग्रजीच्या शिक्षकांना दर वर्षी 'आय ॲम एक्सायटिंग' हे वाक्य भेटते. मुलाला म्हणायचे असते की मी आनंदाने उसळलो आहे. वाक्याचा अर्थ होतो की मला पाहून इतर लोक उसळतात! 'आय ॲम बोरिंग' हे त्याचेच भावंड. ते लिहिणारा विद्यार्थी स्वतःलाच कंटाळवाणा ठरवून मोकळा होतो. हा नियम मुलांना अवघड वाटतो, पण मराठी मुलाला तो अवघड वाटण्याचे कारण नाही. आपण सामन्याला रोमांचक म्हणतो आणि प्रेक्षकाला रोमांचित म्हणतो. 'मी रोमांचक झालो' असे पहिलीतले पोरही म्हणणार नाही. जिथे आपण '-क' लावतो तिथे इंग्रजीत '-इंग', जिथे '-इत' तिथे '-एड'. कंटाळवाणा तास बोरिंग, कंटाळलेला मुलगा बोअर्ड. मातृभाषेत जे कान जाणतात त्याचा उपयोग परभाषा शिकताना करून घ्यावा. घोकंपट्टीपेक्षा तो मार्ग जवळचा.

रोमांचक या शब्दावरून आणखी एक सांगावेसे वाटते. काही मुलांना रोमांचक आणि रोमँटिक हे एकाच घरचे वाटतात. त्यांचा काडीचा संबंध नाही. रोमँटिक हा रोम शहराच्या बोलीवरून फिरत फिरत आलेला शब्द. आपला रोमांच मात्र रोम म्हणजे अंगावरची लव, तिच्यावरून आला. ती लव उभी राहते तो रोमांच. नाट्यशास्त्रात जे आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत, त्यांत घाम, अश्रू, कंप यांच्या जोडीने रोमांचाची गणना आहे. आपल्या कीर्तनकारांच्या तोंडी 'अष्टसात्त्विक भाव दाटून आले' असे येते ते हेच. भगवद्गीतेत तर या शब्दाची मोठी गंमत आहे. पहिल्या अध्यायात अर्जुनाच्या अंगावर रोमहर्ष उठतो तो विषादाने, समोर आप्तस्वकीय पाहून. अठराव्या अध्यायात संजय सगळा संवाद ऐकून त्याला रोमहर्षण म्हणतो ते विस्मयाने. अंगावरचे केस तेच. एकदा ते दुःखाने उभे राहतात, एकदा नवलाने. पुराणे सांगणाऱ्या सूताचे नावच रोमहर्षण होते, कारण त्याचे कथन ऐकताना श्रोत्यांच्या अंगावर रोमांच उभे राहत. कथा सांगणाऱ्याला याहून मोठी पदवी आम्हांला ठाऊक नाही.

आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, आणि नोकरीचे आयुष्य या सीमाभागात मराठी आणि कन्नड कानांवर घेत गेले. त्यामुळे तीन भाषा शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची खोड आम्हांला जडली आहे. हिंदीत 'रोंगटे खड़े होना' म्हणतात. रोंगटे म्हणजे लवच. कन्नडमध्ये पुस्तकी भाषेत 'मै नविरेळुवुदु' असे म्हणतात. मै म्हणजे अंग आणि नविरु म्हणजे केस. बोलीत तेच 'मै जुम्म अन्नोदु' होते. अंगातून जुम्म असे काही निघून गेले. केवढा नेमका आवाज आहे हा! आणि मराठीत आपण काय म्हणतो? अंगावर काटा आला. हिंदीने केस पाहिले, कन्नडने केस पाहिले, मराठीला मात्र तिथे बाभळीचा काटा दिसला. माळरानात अनवाणी फिरलेल्या माणसांची ही भाषा आहे, असे आम्हांला वाटते. शास्त्र म्हणून हे सांगत नाही.

काट्याचा विषय निघाला की बेळगाव-निपाणीच्या माणसाला कुस्ती आठवणारच. आनंदवाडीच्या आखाड्यात बसलेल्याला विचारा. 'काटा कुस्ती', 'काटाजोड' हे शब्द तिथले. या काट्याचा अर्थ मात्र टोचणारा काटा नव्हे. हा तराजूचा काटा. दोन्ही पारडी तोलामोलाची, काटा इकडे झुकेल की तिकडे हे कळत नाही, ती काटा कुस्ती. एक्सायटिंग मॅच म्हणताना मुलांना जे म्हणायचे असते, ते आपल्या आजोबांनी एका शब्दात म्हणून ठेवले आहे. शिवाय त्यात कारणही सांगितले आहे: जोड बरोबरीची म्हणून कुस्ती रंगली. कोल्हापूरच्या हवेतून निपाणीत आलेले 'नादखुळा' आणि 'लई भारी' आमच्या वर्गात रोज ऐकू येतात. निबंधात ते लिहू नयेत असे व्याकरणाचे शिक्षक म्हणतील, आणि ते बरोबरच आहे. पण संवाद लिहिताना पात्राच्या तोंडी ते शोभतात. पु. ल. देशपांडे बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवीत होते. त्यांनी 'रावसाहेब' या व्यक्तिचित्रात बेळगावच्या कानडी वळणाच्या मराठीला अशी जागा दिली की साऱ्या महाराष्ट्राला ती बोली गोड वाटू लागली. आपल्याला मात्र तिची लाज वाटते!

सामन्यांचीच गोष्ट पुढे नेऊ. २९ जून २०२४ रोजी बार्बाडोसला झालेला टी-२० विश्वचषकाचा अंतिम सामना मुलांना चांगलाच आठवत असेल. दक्षिण आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० धावा हव्या होत्या, तेव्हा घरोघरी लोक निराश झाले होते. मग गाडी फिरली. शेवटच्या षटकात १६ धावा हव्या असताना पहिल्याच चेंडूवर मिलरने उंच फटका मारला आणि सूर्यकुमार यादवने सीमारेषेवर तो झेल घेतला. भारत ७ धावांनी जिंकला. या एका तासात आपल्याला काय काय झाले? आधी धाकधूक होती. उत्कंठा वाढत गेली. चेंडू हवेत असताना श्वास रोखला गेला. सीमारेषेवर सूर्यकुमारचा तोल गेला तेव्हा काळजाचा ठोका चुकला. झेल पूर्ण झाला तेव्हा अंगावर शहारे आले. सामना संपल्यावर ऊर भरून आला, कोणाला हसू आणि रडू एकदम आले. हे एका भावनेचे नाव नव्हे, ही सहा-सात भावनांची मिरवणूक आहे. 'मॅच एक्सायटिंग झाली' म्हणणारा ती मिरवणूक एका पोत्यात भरतो आणि तोंड शिवतो.

उत्कंठा या शब्दात कंठ आहे. वाट पाहताना माणूस मान उंच करतो, टाचा उचलतो, त्यावरून हा शब्द. आणि आपण म्हणतो, उत्कंठा शिगेला पोहोचली. शीग म्हणजे काय हे आता मुलांना सांगावे लागते. धान्य मापताना शेर किंवा पायली काठोकाठ भरल्यावरही वर जी रास चढते, ती शीग. त्यावर एक दाणा टाकला तरी ओघळतो. सामन्याच्या शेवटच्या चेंडूला मन तसेच असते. मापे गेली, किलो आले. शीग मात्र क्रिकेटच्या बातमीत राहिली.

मराठीतही शब्द जपून वापरावे लागतात, हे सांगितले नाही तर आमचे बोलणे एकांगी होईल. शब्दकोशात पाहून कोणी एक्सायटिंगला 'उत्तेजक' म्हणू लागला तर पंचाईत होईल. आपल्याकडे खेळाडूची उत्तेजक चाचणी होते ती निषिद्ध औषध घेतले का हे पाहण्यासाठी. तरी 'उत्तेजक सहल' हा शब्दप्रयोग आमच्या वाचनात एकदा आला आहे! गंमत अशी की याच शब्दाचा जुना मराठी अर्थ मोठा सोज्ज्वळ आहे. पुण्याच्या वेदशास्त्रोत्तेजक सभेच्या नावात तो आहे, आणि आपल्या बक्षीस समारंभातही आहे. चौथ्या, पाचव्या क्रमांकाला आपण उत्तेजनार्थ बक्षीस देतो. हिंदीत शिकलेल्या माणसाला ते ऐकून क्षणभर चमकायला होते, कारण हिंदीत ते सांत्वना पुरस्कार असते. हरलेल्याचे सांत्वन करायचे की पुढच्या खेपेसाठी त्याला हुरूप द्यायचा? आम्ही मराठीच्या बाजूचे.

'थरारक' या शब्दाचीही अलीकडे दुर्दशा झाली आहे. पूर्वी रहस्यकथेचे पुस्तक थरारक असे. बाबूराव अर्नाळकरांच्या कथा वाचताना शेवटचे पान येईपर्यंत दिवा मालवावासा वाटत नसे. आता खून, दरोडा, पाठलाग, अपघात सगळेच बातम्यांत थरारक आणि सनसनाटी होते. दुसऱ्याच्या घरात माणूस गेला आणि आपल्याला थरार मिळाला, असा त्याचा अर्थ होतो. घाटातल्या अपघाताबद्दल लिहिणारा आमचा विद्यार्थी या बातम्याही रोज पाहतोच. त्याला एकट्याला दोष कसा द्यावा?

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हापासून आपल्या भागातल्या मराठी मुलांच्या पिढ्या दोन-तीन भाषांच्या संगमावर वाढल्या. घरात मराठी, कचेरीत आणि बाजारात कन्नड, पडद्यावर हिंदी, परीक्षेत इंग्रजी. लोक याला ओझे म्हणतात. आम्हांला ती ठेव वाटते, पण मूल चारही भाषांतून शब्द घेत असेल तरच. सध्या उलटे होत आहे. चारही भाषांत मिळून एकच शब्द वापरायचा आणि काम भागवायचे, अशी सवय लागत आहे. मूल इंग्रजीत कच्चे, मराठीत कोरडे आणि कन्नडमध्ये मुके राहिले, तर त्याला मोठेपणी स्वतःचे सुखदुःख कोणत्या भाषेत सांगता येईल? डॉक्टरला दुखणे सांगायचे तरी नेमका शब्द लागतो. ठणकते की चरचरते, यावर औषध ठरते.

आता थोडे विश्वस्त मंडळींसाठी. प्रवेशाचे नवे माहितीपत्रक छापायचे आहे आणि त्यावर 'एक्सायटिंग लर्निंग' असे शब्द असावेत अशी सूचना हितचिंतकांकडून आली आहे. त्यामागची काळजी आम्ही जाणतो. मराठी शाळांची पटसंख्या हा आपल्या सर्वांच्या झोपेचा प्रश्न आहे, आणि शेजारच्या शाळांची पत्रके चकचकीत असतात. तरीही आमचा या सूचनेला विरोध आहे. त्या दोन शब्दांतून पालकाला काहीच कळत नाही. दुधाच्या पावडरपासून मोबाइलपर्यंत सगळ्यांच्या जाहिरातीत तो शब्द असतो. त्याऐवजी पत्रकात सरळ लिहावे की येथे मूल तीन भाषांत वाचते, प्रयोग स्वतःच्या हाताने करते, दर वर्षी गोकाकच्या धबधब्यापर्यंत जाते आणि ५२ मीटरवरून कोसळणारी घटप्रभा पाहून आल्यावर तिचे वर्णन स्वतःच्या शब्दांत लिहिते. पालक ते वाचून ठरवतील. ज्यांना चकचकीत शब्दच हवा आहे ते तसेही आपल्याकडे टिकत नाहीत, हा आमचा अनुभव आहे.

गोकाकवरून आठवले. यंदाच्या सहलीच्या निबंधांत बहुतेकांनी नेहमीचा शब्द लिहिला. एका मुलीने मात्र झुलत्या पुलाबद्दल लिहिले की पुढचा पाय टाकायचा म्हटले की मागचा पाय पुलाला चिकटायचा, आणि पलीकडे पोचल्यावर पुन्हा एकदा जावेसे वाटायचे. तिच्या वाक्यात ना रोमांचक आहे, ना थरारक, ना एक्सायटिंग. तिला पूर्ण गुण मिळाले. समानार्थी शब्दांची यादी पाठ करून निबंधात ओतणाऱ्या मुलांनी हे ध्यानात घ्यावे. यादी जवळ असावी, पण आधी पाय पुलावर पडला पाहिजे.

एक्सायटिंग या शब्दावर बंदी घालावी, दंड लावावा, असे काही पालकांनी सुचवले. ते आम्ही करणार नाही. दंड लावला की मुले शिक्षकांसमोर गप्प बसतात आणि मैदानावर तोच शब्द दुप्पट वापरतात. या सत्रात एवढेच करायचे ठरले आहे की तो शब्द कोणी वापरला, तर शिक्षकांनी न रागावता एकच प्रश्न विचारायचा: "म्हणजे नेमके काय झाले?" इंग्रजीच्या तासाला उत्तर इंग्रजीत, मराठीच्या तासाला मराठीत. उत्तर सुचायला वेळ लागला तरी थांबायचे.

त्याचबरोबर ग्रंथालयाच्या दारात एक पेटी ठेवली आहे. आनंद, भीती, नवल, धाकधूक, हुरहुर यांपैकी कशासाठीही घरात जो शब्द किंवा वाक्प्रचार बोलला जातो, तो चिठ्ठीवर लिहून तीत टाकायचा. कोण बोलते आणि कधी बोलते तेही लिहावे. आतापर्यंत आलेल्या चिठ्ठ्यांत 'काळजात चर्र झालं', 'अंगात वारं शिरलं', 'धडकी भरली' हे आहेत, आणि बहुतेकींवर बोलणाऱ्याच्या जागी 'आजी' असे लिहिले आहे. आई-बाबांच्या नावाच्या चिठ्ठ्या फार थोड्या आहेत, त्या वाढाव्यात. कन्नड शब्दही चालतील, देवनागरीत लिहिले तरी हरकत नाही. पेटी दर शनिवारी मधल्या सुट्टीत उघडली जाईल.